गाडी पुसायचा टॉवेल कसा निवडायचा? वॉशिंग सेंटर टाकणाऱ्यांसाठी पूर्ण हिशोब



पुंडलिकनगरातल्या माझ्या दुकानात 'वॉशिंग टाकायचंय' म्हणत जो कुणी येतो, तो पहिल्यांदा प्रेशर वॉशरबद्दल विचारतो. किती बारचा घेऊ, मोटर जळते का, पाइप किती मीटरचा येतो. मग फोम, मग व्हॅक्यूम क्लीनर, मग बोर्ड कुठे करून मिळेल. अर्धा-पाऊण तास हे सगळं बोलून झालं, बिल व्हायला आलं, की सहज म्हणतो, "आणि पुसायला काहीतरी टाका दोन-चार."

आजचा लेख त्या 'पुसायला काहीतरी'वर आहे. व्हिडिओत मी टॉवेल हातात घेऊन दाखवलेत. पण जीएसएम, पाण्याचे क्षार, गाडीमागचा खर्च हे आकडे व्हिडिओत भराभर निघून जातात. म्हणून इथे सावकाश लिहितो. कागद-पेन घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. प्रेशर वॉशर गाडीला हात लावत नाही. तिथे पाणी लागतं, फेस लागतो. माणसाचा हात गाडीच्या रंगावरून दाबून फिरतो तो फक्त दोनदा, शाम्पू चोळताना आणि पुसताना. त्यातही शाम्पूच्या वेळी रंगावर फेस असतो, थोडं तरी वंगण असतं. पुसताना तेही नसतं. म्हणजे सगळ्यात जास्त जोखमीचं काम आपण सगळ्यात स्वस्त वस्तूवर सोपवतो, आणि बहुतेक ठिकाणी ते सगळ्यात नवीन पोराच्या हाती देतो.

जोखीम किती ते बघा. आजकालच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याचीच असते. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ग्राहक ज्या चमकेवर जीव टाकतो ती केसापेक्षाही पातळ आहे. त्यावर वाळूचा एक कण टॉवेलखाली अडकून फिरला, तर बारीक ओरखडा पडणारच. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स पट्टीवर ७ वर येतं. काचेवरसुद्धा ते ओरखडा काढतं, मग रंगाचं काय! असे शेकडो ओरखडे जमले की उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या ट्यूबलाइटखाली बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं. डिटेलिंगवाले त्याला स्वर्ल मार्क म्हणतात. पॉलिश करून ते जातं, पण पॉलिश म्हणजे तोच क्लिअर कोट थोडा घासून काढणं. ते कितीदा करणार?

आपल्या एका बॅचमधल्या मुलाचं सांगतो. गारखेडा परिसरातला आहे, नाव सांगत नाही. जुन्या स्कूटरवर छोटा वॉशर, बादल्या, फोमची बाटली बांधून सोसायट्यांमध्ये गाड्या धुवायला लागला. मुद्राच्या शिशु गटातलं, म्हणजे ५० हजारांच्या आतलं कर्ज होतं. काम मनापासून. एका इमारतीत महिन्याच्या बोलीवर चार गाड्या मिळाल्या, त्यातली एक काळी एसयूव्ही. पुसायला त्याच्याकडे होती दोन शॅमी. दिवसभर त्याच, पिळायला बादली एकच, आणि त्याच बादलीत टायर पुसलेलं फडकंही बुडवायचा. दीड महिन्याने त्या गाडीच्या मालकांना रात्री पार्किंगच्या लाइटखाली जाळं दिसलं. ते भांडले नाहीत. त्याला बोलावून मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला आणि म्हणाले, "दादा, उद्यापासून येऊ नका." त्या आठवड्यात इमारतीतल्या बाकीच्या तिघांनीही बंद केलं. कर्जाचा हप्ता ज्या चार गाड्यांवर चालला होता, त्याच गेल्या.

आपल्या शहरात २०१० साली दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्यांची एकत्र डिलिव्हरी झाली होती, देशभर बातम्या आल्या होत्या. आजही नवीन मुलं मला म्हणतात, सर, आपल्याकडे भारी गाड्यांना तोटा नाही. असू द्या. तुमच्याकडे पहिल्या वर्षी येणार आहे ती वॅगनआर, स्विफ्ट, एखादी क्रेटा. वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्या माणसाची, सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली पहिली गाडी. तो माणूस गाडीवरची रेघ मर्सिडीजवाल्यापेक्षा आधी बघतो.

तुमच्याकडे कुठलं पाणी आहे, ते आधी

टॉवेलच्या लेखात पाणी कशाला, असं वाटेल. पण टॉवेल कशासाठी असतो? पाणी गाडीवर वाळायच्या आत उचलण्यासाठी. पाणी पूर्ण शुद्ध असतं तर गाडी नुसती वाळू दिली असती तरी चाललं असतं. डाग पाण्याने पडत नाहीत, पाणी उडून गेल्यावर मागे राहणाऱ्या क्षारांनी पडतात.

आपल्या शहराला पैठणच्या जायकवाडीचं पाणी येतं, आणि ते नळाला किती दिवसांआड येतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या पाण्यावर कुणी वॉशिंग सेंटर चालवत नाही, चालवूही नये. मग राहतं बोअर नाहीतर टँकर, आणि टँकरसुद्धा बहुतेक बोअरचाच. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. घरात गिझरचं कॉइल बघा, बाथरूमच्या नळावरचा पांढरा थर बघा. तोच थर गाडीच्या काचेवर बसतो.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरचा १००० आला. शेवटच्या धुण्यानंतर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलं आणि ते तसंच वाळलं, तर अर्धा ग्रॅम पांढरी पूड गाडीवर राहिली. ऐकायला कमी वाटतं, पण काळ्या बॉनेटवर ती थेंबाथेंबाने गोल-गोल पसरून बसते. मे महिन्यात इथे ४० च्या वर तापमान जातं. तापलेल्या बॉनेटवरचा थेंब तुम्ही दुसऱ्या बाजूचा दरवाजा पुसून येईपर्यंत उडालेला असतो.

एक धोक्याची गोष्ट. हल्ली जारच्या पाण्याचे प्लांट गल्लोगल्ली आहेत आणि आरओचं वाया जाणारं पाणी ते फुकट देतात. बरेच जण ते गाड्या धुवायला वापरतात. पाणी वाचतं, चांगलंच आहे. पहिला चिखल काढायला बिनधास्त वापरा. शेवटच्या धुण्याला मात्र नको. आरओ मशीन क्षार गायब करत नाही. चांगल्या पाण्यातले क्षार काढून ते त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं. म्हणजे ते पाणी तुमच्या बोअरपेक्षाही जड असतं.

जड पाणी, कडक ऊन आणि हवेत बारीक धूळ, या तीन गोष्टी तुम्ही बदलू शकत नाही. त्यामुळे आपल्याकडे टॉवेल असा हवा, जो एका फेरीत जास्तीत जास्त पाणी उचलेल आणि धुतल्यावर रात्रीत वाळेल. पुढची सगळी निवड या दोन अटींवर करायची.

सोलापुरी का नाही?

हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो आणि थोडा रागानेच येतो. सोलापुरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, आपल्या राज्यातला माल आहे, घरात वीस-वीस वर्षं टिकतो. मग बाहेरचं प्लास्टिकचं कापड कशाला?

मी सोलापुरी टॉवेलच्या बाजूचा माणूस आहे, घरी तोच वापरतो. सुती टॉवेलने गाडी पुसणं म्हणजे पाप, असंही मी म्हणणार नाही. जगभर कित्येक वर्षं लोकांनी सुती टॉवेलनेच गाड्या पुसल्या. अडचण दुसरीकडे आहे. सुती धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. पितो भरपूर, पण सोडत नाही, त्यामुळे पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस ओला राहतो. आपल्या जड पाण्यात धुऊन उन्हात टाकला की पापडासारखा कडक होतो. हा अनुभव तर प्रत्येक घरात आहे. अंगाला तो कडकपणा काहींना आवडतोही, पण क्लिअर कोटला नाही. शिवाय काठाची शिवण जाड असते, आणि नवा असताना काचेवर कापसाचे तंतू सोडतो.

म्हणून सोलापुरी घ्या, पण दरवाज्याच्या आतल्या कडा, डिकीची चौकट, पायपुसणी, इंजिनाकडचा भाग यासाठी. आणि तुमच्या पोरांचे हात पुसायला. रंगावर नको.

जुनं बनियन, जुनी साडी, धोतर यांचंही विचारतात. घरच्या एका गाडीला, नीट धुतलेलं मऊ बनियन चालून जाईल. धंद्यात चालत नाही, कारण प्रत्येक तुकडा वेगळा, कुठे शिवण, कुठे हुक, आणि ग्राहकासमोर कुणाचं तरी बनियन काढून गाडी पुसणं... जाऊ द्या.

शॅमी

प्लास्टिकच्या गोल डबीत मिळते, ओली असते, रबरासारखी लागते, ती शॅमी. नाव आलंय शॅमॉय नावाच्या डोंगरी शेळीसारख्या प्राण्याच्या कातड्यावरून. आपल्याकडची मात्र पीव्हीए नावाच्या रसायनाची बनवलेली. स्वस्त, पिळली की लगेच पुन्हा तयार, म्हणून शहरातल्या निम्म्या सेंटरवर तीच दिसते.

तिचा दोष तिच्या रचनेत आहे. तिला लव नाही, ती सपाट आहे. गाडीवर राहिलेला कण टॉवेलच्या लवेत आत शिरून बसू शकतो, शॅमीखाली त्याला जायला जागाच नाही. तो शॅमी आणि रंग यांच्यामध्ये घासत जातो. वाळली की ती खडखडीत होते, आणि बंद डबीत ओली ठेवली तर काही दिवसांत बुरशीचा वास. माझं मत असं: काचा पुसायला शॅमी उत्तम. पांढऱ्या टुरिस्ट गाड्यांचं रोजचं काम असेल, मालकाला फक्त स्वच्छ गाडी हवी असेल, तर तिथेही चालेल. घरगुती गाडीच्या बॉनेटवर, त्यात काळ्या, निळ्या, लाल रंगावर, नाही म्हणजे नाही.

मायक्रोफायबर: काय बघून घ्यायचं

मग उरतं मायक्रोफायबर. हा शब्द आता इतका स्वस्त झालाय की सिग्नलवर विकायला येणारं फडकंही मायक्रोफायबरच असतं. खरं मायक्रोफायबर म्हणजे १ डेनिअरपेक्षा बारीक धागा. ९००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅम भरलं तर तो १ डेनिअर. गाडीच्या टॉवेलमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या घराण्यातला धागा, एकत्र काढून मग तो चिरतात. कापलेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या बारीक चिरा पडतात. पाणी त्या चिरांमध्ये ओढलं जातं, धूळही तिथेच अडकते. धागा न चिरलेला असेल तर कापड हाताला मऊ लागतं, पण पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं. स्वस्त मालात हीच गंमत असते. हाताला मऊ लागलं म्हणून घेऊ नका.

पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं. पहिला आकडा पॉलिएस्टर, दुसरा पॉलिअमाइड. पॉलिअमाइड जास्त तर शोषण चांगलं आणि किंमतही जास्त. पण हा आकडा दुकानात उभं राहून तपासायची सोय तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. धागा जाळून बघितला तर एवढंच कळतं की सूत मिसळलंय की नाही; सूत जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून गोळी होते. म्हणून मी म्हणतो, लिहिलेल्यावर भांडू नका, जे मोजता येतं ते मोजा.

मोजता येतं ते जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. त्यासाठी किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो. ४० बाय ४० सेंटिमीटरचं फडकं म्हणजे ०.१६ चौरस मीटर. विक्रेता ४०० जीएसएम म्हणतो, तर ते ६४ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. ४० ग्रॅम भरलं तर तो माल २५० चा आहे, बोलणं काहीही असो. मोठा टॉवेल ६० बाय ९० चा, ८०० जीएसएम सांगितला, तर ०.५४ गुणिले ८०० म्हणजे ४३२ ग्रॅम. काठाच्या पट्टीचे चार-सहा ग्रॅम इकडे-तिकडे धरा. होलसेलमध्ये शंभर नग घेताना हा काटा खिशातून काढून ठेवला ना, की समोरच्याची बोलायची पद्धतच बदलते.

आता विणीचं. रंगावर पाणी उचलायला मला पीळ दिलेल्या लूपचा टॉवेल सगळ्यात योग्य वाटतो. बाजारात त्याला ट्विस्ट लूप म्हणतात. बारीक दोऱ्यांच्या पिळांसारखा दिसतो. ओल्या गाडीवर तो अडकत नाही, सरकतो. गुबगुबीत लवेचा टॉवेलही मऊ असतो, पण भरपूर पाणी असलेल्या गाडीवर तो चिकटून ओढला जातो. त्याला ठेवा शेवटचा हात फिरवायला. वॅफल विणीचा, चौकटी-चौकटींचा पातळ टॉवेल काचेवर छान चालतो आणि पटकन वाळतो.

जीएसएम जितका जास्त तितकं चांगलं, हा मात्र भ्रम आहे. १२०० चा जाड टॉवेल व्हिडिओत एका फेरीत बॉनेट कोरडं करतो आणि बघणारा खूश होतो. तुमच्या पोराला तो दिवसभर वापरायचाय. ४३२ ग्रॅमचा टॉवेल स्वतःच्या तिप्पट पाणी प्यायला तरी पावणेदोन किलोपर्यंत जातो. १२०० चा त्याच मापाचा टॉवेल कोरडाच ६५० ग्रॅमच्या घरात असतो. ओला झाल्यावर अडीच किलो. तो पिळला जात नाही, हातातून निसटून खाली पडतो, आणि पावसाळ्यात सकाळपर्यंत वाळत नाही. रोज आठ-दहा गाड्या करणाऱ्या सेंटरला ६०० ते ८०० च्या मधला टॉवेल बरोबर. आठवड्यातून एकदा स्वतःची गाडी धुणाऱ्या हौशी ग्राहकाला विकायचा असेल तर १२०० चा विका, त्याला आवडेल.

काठाकडे नीट बघा. नायलॉनच्या कडक दोऱ्याने शिवलेला काठ रंगावर रेघ काढतो. मऊ कापडाची पट्टी लावलेला किंवा बिनशिवणीचा काठ घ्या. आणि कोपऱ्यातलं लेबल पहिल्याच दिवशी कापून टाका, अगदी मुळापासून.

शंभर नग घेण्याआधी एकच नग आणून घरी तीन गोष्टी करा. एकदा धुवा, मग काचेवर चमचाभर पाणी सांडून त्यावर टॉवेल नुसता ठेवा आणि उचला, दाबायचं नाही. खाली थेंब राहिले तर तो माल परत. जुनी सीडी असेल घरात कुठेतरी, तिच्या चकचकीत बाजूवर दहा-बारा वेळा फिरवा आणि टॉर्चखाली बघा. सीडीवर रेघा आल्या तर गाडीवर येणारच. तिसरं, पांढऱ्या कपड्याबरोबर भिजवून ठेवा. रंग जातो का ते कळेल. गडद निळा-लाल टॉवेल पांढऱ्या गाडीच्या सीटवर रंग सोडून आला तर ग्राहकाला काय उत्तर देणार?

किती नग, किती खर्च

आता धंद्याचं बोलू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा रोज ८ गाड्या. मोठा टॉवेल एका गाडीला पुसून, पिळून दुसऱ्या गाडीला चालवला, तर दिवसाला ४ लागतील. ४ वापरात, ४ धुऊन दोरीवर, म्हणजे ८ नग. ४५० रुपयांचा एक धरला तर ३६०० रुपये. छोटी फडकी गाडीमागे २, दिवसाला १६, दोरीवरची धरून ३२. साठ रुपयांचं एक, म्हणजे १९२० रुपये. प्रत्येक नग शंभर धुण्यांपर्यंत चांगला राहिला असं धरा. म्हणजे हा सगळा संच २०० कामाचे दिवस, १६०० गाड्या चालतो. मोठ्या टॉवेलचे गाडीमागे २ रुपये २५ पैसे, छोट्यांचे १ रुपया २० पैसे. रोजच्या धुण्याला पावडर, वीज, पाणी मिळून ३० रुपये धरले, तर गाडीमागे ३ रुपये ७५ पैसे. बेरीज ७ रुपये २० पैसे.

तीनशे रुपयांच्या वॉशमध्ये सव्वासात रुपये. त्यात निम्म्याहून जास्त खर्च टॉवेलचा नाहीच, टॉवेल धुण्याचा आहे! शॅमीवर गाडी काढली तर हे सात रुपये जवळपास वाचतात, खरंय. पण एका ग्राहकाचं बॉनेट पॉलिश करून द्यायची वेळ आली आणि त्याला २००० रुपये गेले, तर तुमच्या पावणेतीनशे गाड्यांच्या टॉवेलचा खर्च एका दिवसात गेला. वेळेचं वेगळंच. मोठ्या टॉवेलने गाडीमागे पाच मिनिटं जरी वाचली, तरी आठ गाड्यांना ४० मिनिटं. रविवारी ४० मिनिटांत आणखी एक गाडी बसते. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून आपल्या पोराला दोन्ही प्रकारे एक-एक गाडी पुसायला लावा.

टॉवेल खराब होतो तो दोरीवर आणि मशीनमध्ये

चांगला टॉवेल घेऊन दोन महिन्यांत वाया घालवलेली सेंटर मी बरीच पाहिलीत. कारणं ठरलेली. घरच्या कपड्यांबरोबर धुतला, सुती कपड्याचे तंतू लवेत अडकले. वासासाठी कंडिशनर टाकलं. कंडिशनर धाग्यावर थर बसवतं, चिरा बुजतात, टॉवेल पाणी प्यायचा बंद होतो. डाग जावा म्हणून ब्लीच टाकलं, त्याने पॉलिअमाइड खराब होतो. गरम पाण्यात उकळला किंवा इस्त्री फिरवली, धाग्याची टोकं वितळून कडक झाली.

साधं लिक्विड डिटर्जंट, थंड किंवा कोमट पाणी, आणि फक्त टॉवेल. आपल्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, म्हणून लिक्विड. दर पंधरा दिवसांनी शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाका, क्षाराचा थर सुटतो. दोरी सावलीत, आणि रस्त्याकडेला नाही. आपल्याकडे हे अवघड जातं, कारण सेंटर रस्त्यालगत आणि दोरी सेंटरच्या पुढ्यात. धुतलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत रस्त्याची सगळी धूळ गोळा करतो आणि सकाळी तीच धूळ बॉनेटवर फिरते. आतल्या भिंतीला दोरी बांधा, वाळले की झाकणाच्या डब्यात.

रंग ठरवून टाका. निळे मोठे फक्त रंगावर, पिवळे छोटे काचेला, लाल खालच्या पट्ट्याला आणि टायरला. टॉवेल जमिनीवर पडला, तर झटकून परत वापरायचा नाही. त्या क्षणी त्याचं रंगावरचं काम संपलं. पुन्हा धुतला तरी तो काचेकडे, मग दरवाज्याच्या कडांकडे, मग टायरकडे जातो. टॉवेलला बढती नसते, असं मी पोरांना सांगतो. हसतात, पण लक्षात ठेवतात.

पुसण्याची पद्धत, थोडक्यात

व्हिडिओत सगळं आहे, म्हणून लांबवत नाही. शेवटचं पाणी प्रेशरने मारू नका. नळीने हळू, छतावरून सोडा. पाणी चादरीसारखं एकत्र घसरून जातं आणि टॉवेलचं निम्मं काम कमी होतं. ब्लोअर असेल तर आरसे, हँडल, लोगो, नंबर प्लेट यातलं पाणी आधी उडवा, नाहीतर पुसून झाल्यावर तिथूनच ओघळ येतात. सावलीत पुसा, सावली नसेल तर सगळी गाडी एकदम ओली न करता एक-एक बाजू धुऊन पुसा. सुरुवात छतापासून. टॉवेल पसरून ठेवायचा, दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा. जोर लावायचा नाही, गोल-गोल तर अजिबात नाही. खालच्या पट्ट्यावर चिखलाचे कण राहिलेलेच असतात, तिथे मोठा टॉवेल न्यायचाच नाही.

आणखी एक गोष्ट विकता येते. वॉश करून गेलेल्या ग्राहकाला मोठा एक आणि छोटी दोन असा संच पाकीट करून द्या, आत मराठीत चार ओळींची चिठ्ठी: कंडिशनर नको, ब्लीच नको, वेगळा धुवा, सावलीत वाळवा. घरी धुणारा ग्राहक तुमचा वॉश कमी करेल अशी भीती वाटते ना? माझ्या दुकानात उलटं होतं. घरी दोनदा धुऊन दमला की तिसऱ्यांदा तो सेंटरवरच येतो, आणि टॉवेल घ्यायला माझ्याकडे.

दसऱ्याची तयारी आत्तापासून धरा. खंडेनवमी आणि दसऱ्याला रोजच्या आठच्या जागी वीस-बावीस गाड्या उभ्या राहतात, आठ टॉवेल दुपारपर्यंत ओले होऊन संपतात आणि मग पोरं हाताला येईल ते फडकं उचलतात. पूजेनंतर गाड्या पुन्हा येतात, बॉनेटवर हळद-कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या असतात. ते कोरड्या टॉवेलने पुसायचं नाही, आधी पाण्याने सोडवायचं, आणि त्यासाठी वेगळी जुनी फडकी बाजूला ठेवायची. पितृपक्षात नव्या गाड्यांची खरेदी मंदावते, बाजारही थंड असतो. त्याच पंधरा दिवसांत दहा-बारा मोठे नग जास्तीचे घ्या, लेबलं कापा आणि दोन पाण्यांत धुऊन डब्यात ठेवून द्या. काटा घेऊन जायला विसरू नका.